सोनेरी चौकटीची मागची बाजू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे. ते साहजिकच होते. १ मे हा कामगारांचा दिवस, महाराष्ट्राचा दिवस, आणि १९९९ पासून आपल्या हिंगोली जिल्ह्याचाही दिवस. परभणीपासून वेगळे होऊन आपला जिल्हा झाला तो याच तारखेस. त्या दिवसावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि बोलणारेही पुष्कळ आहेत. आम्ही मात्र चालकांना म्हटले, आम्हाला तसबिरीच्या चौकटीवर बोलू द्या. ते हसले. म्हणाले, हमालांची संघटना बांधणारा माणूस फ्रेमीवर काय बोलणार? त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की हमालांत येण्यापूर्वी आम्ही तोच धंदा केला आहे, आणि संघटना म्हणजे काय हे आम्ही शिकलो ते एका सोनेरी चौकटीच्या मागच्या बाजूवरून.

आता तुम्ही या व्यासपीठावर पाहा. तीन तसबिरी मांडल्या आहेत आणि अध्यक्षांनी नुकतेच त्यांना हार घातले. हार कोणाला घातला? महापुरुषाला, हे खरे. पण तो अडकला कशाला? चौकटीला. तिच्यावर फुले पडतात, तिला कुंकवाचे बोट लागते, पावसाळ्यात ओल चढते ती तिच्यावर. तसबीर कोणाची हे शाळेतले पोर सांगेल. चित्र कोणी काढले हे कोपऱ्यातली सही पाहून एखादा जाणकार सांगेल. चौकट कोणी केली हे या सभागृहात कोणीही सांगणार नाही. यात तुमचा दोष नाही. कोणत्याही मोठ्या संग्रहालयात जा. चित्राखाली चित्रकाराचे नाव, साल, कोणी देणगी दिली त्याचे नाव, सारे लिहिलेले असते. चौकट कोणाची, हे क्वचितच.

आम्ही ज्या चौकटीविषयी बोलणार आहोत ती आज बाजारात मिळते ती नव्हे. जुन्या राजवाड्यांत, जमीनदारांच्या दिवाणखान्यांत तैलचित्रांना असे ती. सागवानावर किंवा दुसऱ्या चांगल्या लाकडावर पानेफुले कोरलेली, वर सोन्याचा वर्ख दिलेला, कुठे आरशासारखी लखलखीत तर कुठे मुद्दाम मंद ठेवलेली. इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या संगतीने ती आपल्याकडे आली. आपण तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आपल्या गावी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तेव्हा ही वस्तू आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. एवढेच, की ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरात होती.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. १९८९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कळमनुरी तालुक्यातून आम्ही मुंबईस गेलो. गावाकडच्या ओळखीने दक्षिण मुंबईतल्या एका बोळात, जुन्या घाटाच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात काम मिळाले. कारखाना म्हणजे एक लांब पडवी आणि वरती पोटमाळा. आमचे काम सरस शिजवण्याचे. पुढे खडू घासण्याचे. कोरीव कामाची पटाशी आमच्या हाती कोणी दिली नाही आणि वर्ख तर नाहीच नाही. पण सात वर्षे जे पाहिले ते सांगतो. जे पाहिले नाही ते पुढे रात्रीच्या वाचनालयात वाचले, तेही सांगतो.

सुतार लाकूड कापतो, रंधा मारतो, पंचेचाळीस अंशांत चारही कोपरे जुळवतो. मग कोरणारा त्यावर पाने काढतो. येथवर काम डोळ्यांना दिसते. पुढचे दिसत नाही. लाकडावर थेट सोने बसत नाही. लाकडाची रग दिसते. म्हणून आधी पातळ सरस, मग सरसात कालवलेला पांढरा खडू, त्याचे आठ, दहा, कधी बारा हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. सरस फार गरम झाला तर त्याची ताकद जाते, थंड झाला तर गोळा होतो. त्याचे तापमान बोट बुडवून ओळखायचे. दहा हात झाले की कोरलेली पाने बुजून जातात. तेव्हा पुन्हा एक माणूस बसतो आणि वाळलेल्या खडूत बारीक हत्यारांनी पानाच्या शिरा परत कोरतो. लोकांना वाटते, कोरीव काम एकदा होते. चांगल्या चौकटीत ते दोनदा होते, आणि दुसऱ्यांदा करणारा माणूस पहिल्याहून अवघड काम करतो; कारण खडू चुकीला क्षमा करीत नाही.

त्यावर लोण्यासारखी मऊ तांबडी माती. सोन्याला जी उब दिसते ती या मातीची. जुन्या चौकटीवर कडेला सोने झिजले असेल तर आतून तांबूस रंग डोकावतो, तो हाच. पुष्कळांना तो गंज वाटतो.

मग वर्ख. आमच्या कारखान्यात वर्ख लावणारे एक म्हातारे गृहस्थ होते. हैदराबादकडचे. त्यांचे वाडवडील चारमिनाराच्या बाजूस चांदीचा वर्ख कुटणारे. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. वर्ख इतका हलका, की तो बोटाने उचलता येत नाही. उचलला तर बोटालाच चिकटून नाहीसा होतो. चाचा खारीच्या केसांचा एक रुंद, पातळ कुंचला गालावरून फिरवीत. गालाचे तेलकटपण केसांना लागे, तेवढ्यावर वर्ख उचलला जाई. मातीवर पाण्याचा हात मारायचा आणि ओल आहे तोवर वर्ख सोडायचा. तो जणू आपण होऊन खाली ओढला जातो. त्या वेळी पोटमाळ्यावरच्या खिडक्या बंद, पंखा बंद. मे महिन्यातली मुंबई, आणि पंखा बंद! आम्ही एकदा खोकलो तर चाचा म्हणाले, "बेटा, सांस रोक. सोना सांस से डरता है." दिवसाचे आठ-आठ तास माणसाने दम धरून काम करायचे, हा प्रकार आम्ही तिथे पाहिला.

काही तासांनी, माती पुरती वाळण्याच्या आत, अकीकाच्या दगडाने सोने घोटतात. हा दगड कुत्र्याच्या सुळ्यासारखा वळवून दांड्यात बसवलेला असतो. घोटताच मंद पिवळा पत्रा एकदम धातू होऊन चमकू लागतो. मालक गिऱ्हाइकांना हे दाखवीत असत. बाकीचे वीस दिवस दाखवीत नसत.

आता थोडा हिशेब करू. हिशेब हे आमचे आवडते शास्त्र आहे, कारण मजुराला फसवायचे असेल तर आधी त्याला हिशेबापासून दूर ठेवावे लागते. वर्खाची जाडी मिलीमीटरचा दहा हजारावा भाग, साधारण एवढी धरा. अशा वर्खात एक ग्रॅम सोने अर्धा चौरस मीटर जागा झाकते. दोन फूट रुंद, तीन फूट उंच चित्र घ्या. त्याला चार इंच रुंदीची चौकट घ्या. तिची वळणे उलगडून सहा इंच समजा. झाकायची जागा भरते साडेपाच-पावणेसहा चौरस फूट, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास. एकावर एक येणारे काठ आणि वाया जाणारे तुकडे धरले तरी सोने लागले दीड ग्रॅम. ही चौकट भिंतीवर लावली तर पाहणारा म्हणतो, केवढे हे सोने! आणि सोने किती? नवरदेवाच्या हलक्या अंगठीइतकेही नाही. मग ती महाग कशामुळे? आमच्या कारखान्यात अशा एका चौकटीवर पाच जणांचे मिळून वीस-बावीस दिवस जात. बिलात मात्र शब्द असे, "अस्सल सोन्याची". बावीस दिवसांना बिलात शब्दच नव्हता.

कोणी म्हणेल, हे मुंबईच्या मालकाचे कपट झाले. जगात असे नसेल. म्हणून जगातला एक दाखला देतो. इटलीतील मिलान शहरात एका धर्ममंडळाने वेदीमागची मोठी कोरीव लाकडी चौकट करण्याचे काम १४८० साली जाकोमो देल माइनो नावाच्या कारागिरास दिले. चौकट आधी झाली. तीन वर्षांनी, १४८३ साली, तिच्यात बसवायची चित्रे काढण्याचा आणि ती चौकट रंगवून सोन्याने मढवण्याचा करार तीन चित्रकारांशी झाला. ठरलेली रक्कम ८०० लिरा. त्या तिघांत एक होता लिओनार्दो दा विंची, आणि त्याने त्यासाठी काढलेले चित्र आज सारे जग 'खडकांतील कुमारी' म्हणून ओळखते. पुढे चित्रकारांनी तक्रार केली, की चौकटीच्या कामातच पैसे संपले, आम्हाला आणखी द्या. मंडळ देईना. हा तंटा पहिल्या करारापासून वीस वर्षांहून अधिक लांबला. आम्हाला हे प्रथम वाचनालयात वाचावयास मिळाले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून स्वतःशीच हसलो. लिओनार्दोसुद्धा मजुरीसाठी अर्ज करीत बसला होता! फरक इतकाच, की त्याचे नाव राहिले. देल माइनोचे फक्त अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि ती चौकट तर मूळ रूपात आज शिल्लकही नाही.

नावांची आणखी एक गंमत आहे. या जुन्या घाटांना धंद्यात नावे आहेत. गिऱ्हाईक येऊन म्हणे, मला लुई चौदावा पाहिजे. दुसरा म्हणे, पंधरावा. आम्हाला सुरुवातीला वाटले, हे कारागिरांचे नंबर असावेत. मागाहून कळले, हे फ्रान्सचे राजे. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांचे नाव घाटाला, आणि ज्यांनी पटाशी धरली ते अनाम.

तेव्हाच्या पॅरिसमध्ये सुतारांचे, कोरक्यांचे, मढवणारांचे संघ होते, आणि काही सुतार आपल्या नावाचा ठसा चौकटीच्या मागे मारीत. म्हणून आज त्यांतल्या थोड्यांची नावे सापडतात. संघाचे पुष्कळ जाच होते. नव्या माणसाला ते सहजासहजी शिरू देत नसत. आम्ही त्यांची आरती करीत नाही. पण मागच्या बाजूवरचा तो ठसा आमच्या लक्षात राहिला, आणि तो का राहिला ते पुढे सांगतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस एक लगदा निघाला. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा. तो गरम असताना कोरलेल्या लाकडी साच्यात दाबला की पानाफुलांची पट्टी तयार. एका कोरक्याने एक साचा कोरायचा आणि त्यातून हजारो पाने पाडायची. बाकीचे कोरके घरी. यंत्र आले की माणूस जातो असे म्हणतात; इथे यंत्रही नव्हते, नुसता लगदा होता.

आपल्याकडे स्वस्त चौकट घरोघर पोहोचली ती चित्रांच्या मागून. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती ज्या घरांत कधी चित्र लागले नव्हते त्या घरांत लागल्या. कागदाला ऊन लागते, वाळवी लागते. म्हणून काच आली, पुठ्ठा आला आणि सोनेरी पट्टी आली. बाजारपेठेच्या प्रत्येक गावी एक फ्रेमवाला झाला. आपल्या दसऱ्याच्या प्रदर्शनात लहानपणी आम्ही त्या तसबिरींची दुकाने पाहिली आहेत. गॅसबत्तीच्या उजेडात सगळे सोने वाटे. ते सोने नव्हते. तांबे-जस्ताचा पत्रा, पितळी भुकटी, किंवा चांदीसारख्या पत्र्यावर पिवळे रोगण.

त्या पिवळ्या रोगणाची एक गोष्ट हिंगोलीकरांनी ऐकण्यासारखी आहे. पितळेला सोन्याची झाक देण्याच्या जुन्या विलायती कृतींत लाखेबरोबर केशर येते आणि हळदही येते. लाख आपली, हळद आपली. ज्या हळदीची पोती आमचे हमाल इथल्या मार्केटात उचलतात, ज्या हळदीने त्यांच्या पाठी आणि पोरांच्या वह्या पिवळ्या होतात, तीच हळद कुठल्या तरी साहेबाच्या दिवाणखान्यात सोने म्हणून मिरवीत होती! पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. उन्हाची तिरीप पडली की काही महिन्यांत उडतो. असो.

अकीकाचीही अशीच गोष्ट आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. आपल्या काळ्या रानात, नांगरटीत, गारगोट्यांबरोबर धारीधारीचा दगड वर येतो तो अकीक. गुजरातेत खंबायतेस हा दगड घासून घडवण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. घासताना उडणारी धूळ ही गारेची धूळ. ती फुप्फुसांत बसते आणि परत निघत नाही. खंबायतेच्या अकीक घासणाऱ्यांत सिलिकोसिसने किती घरे बसली यावर डॉक्टरांनी आणि सामाजिक संस्थांनी वर्षानुवर्षे लिहिले आहे. चाचांचा दगड खंबायतेच्या एका फिरत्या विक्याकडून घेतलेला होता. चमक देणाऱ्या दगडालाच आधी कोणीतरी चमक दिलेली असते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. आमची स्वतःची धूळ खडूची आणि लाकडाची होती. तोंडाला बांधायला आम्हाला फडके मिळे, तेही घरून आणले तर.

चौकटीच्या धंद्यातून चांगलेही निघाले आहे. ते सांगितले नाही तर अन्याय होईल. केकू गांधी यांनी १९४१ साली मुंबईत केमोल्ड फ्रेम्स हा चौकटींचा धंदा सुरू केला. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानाच्या काचेत, चौकटी खपाव्यात म्हणून, नव्या पोरांची चित्रे लागू लागली. ती पोरे म्हणजे आरा, हुसेन आणि त्यांचे सोबती. आरा घरगडी म्हणून राबलेले, मोटारी धुतलेले. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाच्या पाट्या रंगवून पोट भरीत. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना फ्रेमीच्या दुकानाने भिंत दिली. पुढे १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर केमोल्डची गॅलरी निघाली. हा इतिहास कलेच्या पुस्तकांत आहे, आणि तो वाचून आम्हाला धंद्याचा अभिमान वाटतो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरणही तसेच. कारागिराच्या घरातले, मूळ आडनाव मेस्त्री. पुढे त्यांनी पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, आणि लोकांनी त्यांना पेंटर केले. मेस्त्रीचा पेंटर झाला की नाव राहते. मेस्त्री मेस्त्रीच राहिला तर? आमचा प्रश्न त्याच्याविषयी आहे.

आता चाचांकडे येतो. १९९६ साली त्यांना मोतीबिंदू झाला. वर्खाचा काठ दिसेना. मालकांनी एके शनिवारी आठवड्याचे पैसे दिले आणि सोमवारी येऊ नका म्हणून सांगितले. चाचा त्या पोटमाळ्यावर १९७४ पासून बसत होते, बावीस वर्षे. तोपर्यंत आम्ही एका युनियनच्या कचेरीत संध्याकाळी जाऊन पत्रे लिहून देऊ लागलो होतो, म्हणून ते आमच्याकडे आले. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा कायदा १९७२ चा. त्यातला हिशेब सरळ होता. शेवटचा महिन्याचा पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले नोकरीची वर्षे. चाचांचा पगार १,८०० रुपये. बावीस वर्षांचे होतात २२,८४६ रुपये. आम्ही कागदावर आकडा मांडून दाखवला तेव्हा चाचांनी तो कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मालकांचे उत्तर आले, की या नावाचा कोणी इसम आमच्या हजेरीपटावर नाही. अधूनमधून अंगावर काम घेणारा एक बाहेरचा कारागीर होता, एवढेच. आणि ते कागदोपत्री खरे होते! हजेरीपटावर आमच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते. पगाराला पावती नव्हती. बरोबरीच्या कामगारांनी साक्ष द्यावी तर ज्याला त्याला आपल्या सोमवारची भीती. आम्ही दिली, आणि आमचा सोमवार गेला. त्याचे दुःख नाही. पण एका तरुण पोराच्या शब्दावर बावीस वर्षे सिद्ध होत नाहीत. साहेबांनी विचारले, तुम्ही कामावर आलात १९८९ साली. १९७४ पासूनचे तुम्ही काय सांगणार?

त्या रात्री चाचांनी एक गोष्ट सांगितली. चौकटीच्या मागच्या बाजूला, चित्र जिथे बसते त्या खाचेत, वर्ख लागत नाही. तिथे उघडे लाकूड असते. काम संपले की चाचा तिथे पेन्सिलीने तारीख, मालकाच्या वहीतला ऑर्डरचा नंबर आणि उर्दूत आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहीत. कशाला? आम्ही विचारले. म्हणाले, त्यांचे वालिद सांगत, की वर्खाच्या वहीवर कुटणाऱ्याची खूण असावी. माल खोटा निघाला तर कोणाला पकडायचे ते कळते. म्हणजे ज्या सवयीचा उगम शिक्षेत होता ती आता पुरावा होणार होती.

मग आम्ही चौकटी शोधू लागलो. हे काम वाटते तितके सोपे नाही. श्रीमंतांच्या दारात जाऊन म्हणायचे, तुमच्या आजोबांचे चित्र भिंतीवरून उतरवा, आम्हाला मागून पाहायचे आहे! दोन ठिकाणी दरवानाने परतवले. तिसऱ्या ठिकाणी एका वृद्ध बाईंनी ऐकून घेतले. त्यांनी नोकरांकरवी तीन तसबिरी उतरवल्या, चादरीवर पालथ्या घातल्या आणि खिळे काढू दिले. खाचेत पेन्सिल होती. १९७६, १९८३ आणि १९९१. नंबर होते, अक्षर होते. तिन्हींची बिले बाईंच्या कपाटात होती आणि बिलांवर तेच नंबर होते. बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी रोज ह्या तसबिरी पुसते, आणि हे पाहिलं नाही कधी." आम्ही त्यांना म्हटले, बाई, आम्ही कारखान्यात असून आम्हीही पाहिले नव्हते.

तुम्हाला वाटेल, इथे आमचा जय झाला. तसे झाले नाही. खुणांनी एवढे सिद्ध झाले, की हा माणूस पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच मालकाच्या ऑर्डरी करीत होता. सलग नोकरी होती, हे मालक अजूनही नाकारीत होते. तारखा पडू लागल्या. चौथ्या तारखेला मालकांच्या वकिलाने बाहेर ओट्यावर १४,००० रुपये देऊ केले. आमचे मत होते, थांबावे. मालकांना ऑर्डरच्या वह्या हजर करायला लावल्या तर बावीसही वर्षे निघतील. चाचा म्हणाले, "बेटा, तुम्हारा केस जीतेगा, मेरी आँख हारेगी." त्यांनी पैसे घेतले. डोळ्याचे काम झाले. राहिलेले ८,८४६ रुपये आम्हाला आजही पाठ आहेत.

त्या वर्षापासून आम्ही जिथे जिथे संघटना बांधली तिथे पहिले काम एकच केले. घोषणा नव्हे, वर्गणी नव्हे. प्रत्येकाजवळ एक छोटी वही, आणि तिच्यात रोजची तारीख, वार, कोणाचे पोते उचलले, किती पैसे मिळाले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी मिळते, पण नोंदणीपर्यंत पोहोचायला आधी काम केल्याचा काही माग लागतो. इथल्या हळद बाजारात आमचे काही हमाल लिहायला न येणारे आहेत. ते पोरीकडून लिहून घेतात. एकाने तर दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या होत्या. त्याही आम्ही वहीत उतरवल्या.

या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही गेल्या आठवड्यात आपल्या गावातल्या एका फ्रेमवाल्याकडे जाऊन बसलो. त्याच्याकडे आता लाकूड नाही. फेसाळ प्लास्टिकची पट्टी येते, तिच्यावर सोनेरी झिल्ली गरम दाबून बसवलेली. घाट तेच, लुई चौदाव्याचे. यंत्राने कोपरे कापायचे, यंत्राने पिन मारायची. पंधरा मिनिटांत फ्रेम. तो म्हणाला, "भाऊ, सोन्याची फ्रेम मी पाह्यली बी नाही. पन माझी फ्रेम गरिबाला परवडती." हे त्याचे खरेच आहे. एकोणीस फेब्रुवारी, चौदा एप्रिल, आणि घरात कोणी गेले तर दहाव्याच्या आधी. हे त्याचे हंगाम. दहाव्याच्या फ्रेमीचे पैसे तो घासाघीस न करता घेतो, म्हणाला, कारण त्या वेळी माणूस भाव करीत नाही आणि आपणही करू नये. स्वस्त फ्रेम वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या आईची तसबीर अशाच फ्रेमीत आहे. पण त्या दुकानात कामाला असलेला जो पोरगा दिवसभर यंत्रावर कोपरे कापतो आणि पांढरा भुसा अंगावर घेतो, त्याला आम्ही विचारले, तुझे नाव कुठे लिहिलेले आहे? तो हसला आणि त्याने मोबाइल दाखवला. मालक पगार मोबाइलवर टाकतो. महिन्याची नोंद तिथे राहते. चाचांकडे पेन्सिल होती, याच्याकडे ही आहे. आम्ही त्याला एवढेच म्हटले, मोबाइल बदलशील तेव्हा बँकेचे पासबुक भरून घे.

जाता जाता त्या फ्रेमवाल्याला आम्ही विचारले, आपल्या सभागृहातल्या तसबिरी कोणी बसवल्या? म्हणाला, दोन माझ्या, एक माझ्या वडिलांची. वडिलांची कोणती ते तो मागून पाहिल्याशिवाय सांगू शकला नाही. अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही दुपारी ती उतरवून पाहिली. मागे तपकिरी कागद आहे, तो वाळवीने अर्धा खाल्ला आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर निळ्या शाईत साल आहे, १९८७. नाव होते त्या जागी भोक आहे.

चाचा हैदराबादेस परत गेले तेव्हा त्यांनी आपला अकीकाचा दगड आम्हाला दिला. आमच्या हाती वर्ख कधी आला नाही, त्यामुळे त्याचा उपयोग आम्ही कागद दाबायला करतो. तो आज बरोबर आणला आहे, इथे टेबलावर आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. हात मात्र कोरडे असावेत. ओल्या हाताने धरला की त्याची जिलई जाते, असे चाचा सांगत.